गिझाचा महापिरॅमिड : दगड वर चढले तरी कसे?

इजिप्तची राजधानी कैरोच्या नैऋत्येस, नाईल नदीच्या पश्चिमेकडील गिझाच्या पठारावर खुफू राजाचा महापिरॅमिड सुमारे साडेचार हजार वर्षांपासून उभा आहे. तो कोणी व कशासाठी बांधला, याविषयी अभ्यासकांमध्ये आता वाद उरलेला नाही. इसवी सनापूर्वी सव्विसाव्या शतकात, चौथ्या राजवंशातील खुफूची समाधी म्हणून तो उभारण्यात आला. मात्र तो नेमका कसा बांधला, या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर आजही कोणापाशी नाही. गेल्या तीन-साडेतीन दशकांतील उत्खननांनी या प्रश्नाचा बराच मोठा भाग उलगडला असून, जो भाग शिल्लक आहे तो आता पूर्वीपेक्षा अधिक स्पष्टपणे मांडता येतो.

प्रथम आकडे पाहणे उचित ठरेल. पिरॅमिडच्या पायाची प्रत्येक बाजू सुमारे २३० मीटर आहे. मूळ उंची सुमारे १४६ मीटर होती, ती आता साधारण १३८ मीटर उरली आहे. त्यात सुमारे २३ लाख दगड असावेत आणि प्रत्येकाचे वजन सरासरी अडीच टन असावे, असा प्रचलित अंदाज आहे. खुफूने किमान २३ वर्षे राज्य केले, असे प्राचीन राजावलीवरून दिसते; नव्या पुराव्यांवरून हा काळ २६-२७ वर्षांपर्यंत जातो. बांधकामास २० वर्षे लागली असे धरले, तर वर्षातील एकही दिवस न चुकवता दररोज ३१५ दगड बसवावे लागले असते. दिवस दहा तासांचा मानल्यास दर दोन मिनिटांना एक दगड, असा हा वेग होतो. पिरॅमिडविषयीचा कोणताही सिद्धांत कितीही आकर्षक असला, तरी त्याला या हिशेबाच्या कसोटीस उतरावेच लागते. अनेक सिद्धांत नेमके येथेच अडखळतात.

त्या काळातील साधने मोजकीच होती. लोखंडी हत्यारे नव्हती आणि कप्पी ठाऊक नव्हती. तांब्याच्या छिन्न्या, डोलेराइट या कठीण दगडाचे गोटे, लाकूड, दोरखंड आणि माणसांचे बळ यांवरच सर्व भिस्त होती.

दोन हजार वर्षांपूर्वीचे दोन तर्क

ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात इजिप्तला गेला, तेव्हा हा पिरॅमिड दोन हजार वर्षांचा झाला होता. म्हणजेच आपल्यापासून सम्राट अशोक जितका दूर आहे, जवळपास तितकाच हेरोडोटसपासून खुफू दूर होता. एक लाख माणसे तीन-तीन महिन्यांच्या पाळीने राबत होती, काम वीस वर्षे चालले आणि आखूड लाकडांच्या यंत्रांनी दगड एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उचलले गेले, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात डायोडोरस या लेखकाने यंत्रांचा उल्लेख न करता मातीच्या भरावांचे कारण दिले. आजच्या अभ्यासकांचे दोन मुख्य पक्ष, म्हणजे तरफेचा आणि भरावाचा, मुळात इतके जुने आहेत.

तरफेने दगड उचलता येतो, यात शंका नाही. परंतु प्रत्येक दगड प्रत्येक पायरीवर थोडा उचलून, खाली लाकडी ठोकळे सरकवून, पुन्हा उचलणे ही अत्यंत सावकाश प्रक्रिया आहे. दर दोन मिनिटांना एक दगड हा वेग तिच्यातून साधणे कठीण दिसते. शेवटच्या काही थरांसाठी, जेथे भरावाला जागाच उरत नाही, तेथे मात्र तरफेचा उपयोग झाला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

भराव : सरळ की वळणाचा?

भरावाचे, म्हणजेच रॅम्पचे, पुरावे इजिप्तमध्ये प्रत्यक्ष सापडले आहेत. अबायडोसजवळील सिन्की येथील लहान अपूर्ण पिरॅमिडभोवती असे चढ आढळले. कर्नाकच्या मंदिरात, अर्थात खुफूनंतर बऱ्याच शतकांनी, कच्च्या विटांच्या भरावाचे अवशेष तसेच राहून गेले आहेत. प्रश्न आहे तो उंचीचा. दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, एवढा सौम्य चढ ठेवल्यास शिखरापर्यंत पोहोचण्यासाठी जवळपास दीड किलोमीटर लांबीचा भराव लागेल. त्याला लागणारे साहित्य पिरॅमिडशीच स्पर्धा करू लागेल, आणि इतका मोठा ढिगारा पुढे गेला कुठे, हेही सांगावे लागेल.

यावर पर्याय म्हणून पिरॅमिडला वेढा घालत वर जाणारा सर्पिल भराव सुचवण्यात आला. त्याला साहित्य कमी लागते, परंतु तो चारही बाजू झाकून टाकतो. चारही कडा वर एकाच बिंदूत मिळाव्यात यासाठी कोपऱ्यांवर सतत नजर ठेवणे आवश्यक असते. पायथ्याशी झालेली अल्पशी चूक वर कित्येक मीटरांची होते. कोपरे झाकलेले असताना ही मोजणी कशी केली असेल, हा आक्षेप आजही कायम आहे.

या वादात एक साधी भूमितीय गोष्ट अनेकदा दुर्लक्षिली जाते. पिरॅमिड वर निमुळता होत जातो. त्यामुळे उंचीच्या पहिल्या तृतीयांशातच एकूण घनफळाचा सुमारे ७० टक्के भाग येतो आणि निम्म्या उंचीपर्यंत तो ८७ टक्क्यांवर जातो. बहुतेक दगड मुळात फार उंच न्यावेच लागले नव्हते. मुख्य खाणही पिरॅमिडच्या दक्षिणेस, काही शे मीटरांवरच होती. त्यामुळे खालच्या भागासाठी आखूड सरळ भराव, त्यापुढे पिरॅमिडच्या अंगाला टेकलेले चढ आणि शिखराजवळ तरफा, अशी मिश्र पद्धत वापरली गेली असावी, हे मत आज अधिक ग्राह्य मानले जाते. एकच युक्ती शोधण्याचा हट्ट सोडला, तर प्रश्न बराच सोपा होतो.

तरीही एक अडचण राहतेच. राजाच्या दफनकक्षावरील ग्रॅनाइटच्या तुळया सुमारे ८०० किलोमीटर दक्षिणेकडील अस्वानहून आणलेल्या आहेत. त्यांपैकी सर्वांत जड तुळयांचे वजन ५० टनांहून अधिक असावे, आणि त्या पायथ्यापासून ४० मीटरांहून अधिक उंचीवर बसवलेल्या आहेत. अडीच टनांच्या दगडासाठी चालणारी पद्धत येथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

या संदर्भात २०१८ मध्ये समोर आलेला शोध महत्त्वाचा आहे. पूर्वेकडील वाळवंटातील हतनुब येथे अलाबास्टर दगडाच्या खाणीत फ्रेंच आणि ब्रिटिश संशोधकांना खुफूच्याच काळातील एक चढ सापडला. त्याच्या दोन्ही बाजूंना पायऱ्या असून, ठराविक अंतरावर खांबांसाठी खोदलेले खड्डे आहेत. चढ २० टक्के किंवा त्याहूनही अधिक तीव्र आहे. खांबांना दोर गुंडाळून, काही माणसांनी वरून व काहींनी खालून ओढल्यास दगड अशा तीव्र चढावरूनही नेता येतो, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. चढ जितका तीव्र, तितका भराव आखूड. मात्र हा चढ खाणीच्या खडकात कोरलेला आहे. गिझा येथे हीच रचना वापरली गेली, याचा थेट पुरावा नाही.

वाळूवर पाणी

सपाट जमिनीवर दगड चाके नसलेल्या लाकडी घसरगाड्यांवरून ओढले जात, हे निश्चित आहे. दैर अल-बर्शा येथील जेहुतिहोतेप या अधिकाऱ्याच्या थडग्यातील चित्रात प्रचंड पुतळा अशा गाडीवरून ओढताना दाखवला आहे. हे चित्र खुफूच्या सहाशेहून अधिक वर्षांनंतरचे आहे. गाडीच्या पुढच्या टोकावर उभा असलेला एक मनुष्य वाळूवर काही द्रव ओतत आहे. हा धार्मिक विधी असावा, असे बराच काळ समजले जात होते. अॅम्स्टरडॅम विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रयोग करून दाखवले, की वाळूत योग्य प्रमाणात पाणी मिसळल्यास ओढण्यास लागणारे बळ जवळपास निम्मे होते. कोरडी वाळू गाडीपुढे ढिगासारखी साचते, ओलसर वाळू मात्र घट्ट राहते. चित्रकाराने जे पाहिले ते रंगवले. त्यात विधी शोधण्याचे काम नंतरच्यांनी केले.

मेरेरची रोजनिशी

पिरॅमिडविषयीच्या संशोधनातील गेल्या अनेक वर्षांतील सर्वांत मोलाचा शोध मात्र गिझात नव्हे, तर तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर लागला. सुएझच्या दक्षिणेस सुमारे १२० किलोमीटरवर वादी अल-जर्फ येथे खुफूच्या काळातील बंदर आहे. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या पथकाला २०१३ मध्ये तेथील गुहांच्या तोंडाशी पपायरसचे तुकडे सापडले. लिखाण असलेले हे जगातील सर्वांत जुने ज्ञात पपायरस आहेत.

त्यात मेरेर नावाच्या अधिकाऱ्याची रोजनिशी आहे. त्याच्या हाताखाली सुमारे चाळीस जणांची तुकडी होती. नाईलच्या पूर्वेकडील तुरा येथील खाणीतून शुभ्र चुनखडीचे दगड नावेत भरायचे, पुराच्या दिवसांत नदी व कालव्यांतून ते गिझापर्यंत आणायचे आणि रिकामी नाव घेऊन परतायचे, असे त्यांचे काम होते. दर दहा दिवसांत दोन-तीन फेऱ्या होत. आज कुठे दगड भरले, रात्र कुठे काढली, याच्या नोंदी त्याने दिवसागणिक केल्या आहेत. खुफूचा सावत्र भाऊ अंखहाफ याचे नावही त्यात येते. गिझाच्या तोंडाशी असलेल्या जलाशयावरील कामकाज त्याच्या देखरेखीखाली होते.

पिरॅमिडच्या कामावर प्रत्यक्ष राबलेल्या माणसाचे हे शब्द आहेत. त्याने आणलेला दगड पिरॅमिडच्या बाह्य आवरणासाठी होता. हे आवरण मध्ययुगात कैरोतील इमारतींसाठी काढून नेण्यात आल्याने आज अभावानेच दिसते. दगड वर कसे चढवले, हे मात्र मेरेर सांगत नाही. ते त्याचे काम नव्हते.

पाण्याच्या मार्गाची कल्पना अन्य अभ्यासांतूनही दृढ झाली आहे. गिझाजवळच्या गाळातील प्राचीन परागकणांच्या अभ्यासातून २०२२ मध्ये, आणि उपग्रह प्रतिमा व भूगर्भीय नमुन्यांच्या आधारे २०२४ मध्ये, आता लुप्त झालेला नाईलचा फाटा पिरॅमिडांच्या जवळून वाहत असल्याचे दाखवण्यात आले. आज वाळवंटाच्या कडेला दिसणारे हे पिरॅमिड त्या काळी घाटांपासून दूर नव्हते.

गुलाम की कामगार?

बांधणाऱ्यांविषयीचे चित्रही पालटले आहे. चाबकाखाली राबणारे गुलाम ही प्रतिमा चित्रपटांनी घट्ट रुजवली. गिझा येथे १९९० मध्ये एका घोड्याचा पाय कच्च्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि त्यातून कामगारांच्या दफनभूमीचा शोध लागला. इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांच्या नेतृत्वाखाली तिचे उत्खनन झाले. पिरॅमिडांच्या सावलीत, परलोकासाठी भाकरी व बिअरच्या भांड्यांसह या कामगारांना पुरले होते. गुलामांना असा मान मिळाला नसता, असे हवास यांचे म्हणणे आहे. सांगाड्यांच्या पाठीचे मणके झिजलेले आहेत, पण मोडलेली हाडे नीट बसवून सांधल्याच्याही खुणा आहेत. उपचार होत असत.

जवळच अमेरिकी पुरातत्त्वज्ञ मार्क लेनर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून कामगारांची वसाहत उत्खनन करून उजेडात आणली. तिचा बहुतांश भाग खुफूनंतरच्या दोन पिरॅमिडांच्या काळातील आहे. लांबट निवासगृहे, मोठमोठे साचे असलेल्या बेकऱ्या आणि गुरे, मेंढ्या, बकऱ्या यांच्या हाडांचे ढीग तेथे मिळाले. मनुष्यबळ हेरोडोटसच्या लाखाहून खूपच कमी होते. हवास यांनी २०१० मध्ये ते सुमारे १० हजार असल्याचे सांगितले, तर लेनर यांचा अंदाज २० ते २५ हजारांचा आहे. दफनकक्षावरील बंदिस्त पोकळ्यांत तुकड्यांनी स्वतःची नावे रंगवून ठेवली आहेत. ‘खुफूचे मित्र’ हे त्यांपैकी एक.

अर्थात, ते गुलाम नव्हते म्हणून सारे आपखुशीने आले, असा अर्थ काढणे घाईचे ठरेल. गावोगावहून राजाच्या कामासाठी माणसे बोलावली जात आणि त्यांना नकार देण्याची मुभा होती, असे दिसत नाही.

पोकळीचे कोडे

काही सिद्धांतांचा उल्लेख थोडक्यात पुरे. दगड म्हणजे साच्यात ओतलेले काँक्रीट आहे, असे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ डेव्हिडोव्हिट्स यांचे मत आहे. परंतु दगडांवरील छिन्नीच्या खुणा आणि शेजारच्या खाणी बहुसंख्य भूवैज्ञानिकांना पुरेशा वाटतात. परग्रहवासीयांची कल्पना १९६८ मध्ये एरिक फॉन डॅनिकेन यांच्या पुस्तकाने लोकप्रिय केली. तिला उत्तर खुफूच्या वडिलांनीच देऊन ठेवले आहे. स्नेफेरू राजाचा दहशूर येथील पिरॅमिड सुमारे ५४ अंशांच्या उताराने सुरू झाला आणि बांधकामाला धोका दिसू लागल्यावर मध्येच सुमारे ४३ अंशांवर वळवावा लागला. तो वाकलेला पिरॅमिड आजही तेथे आहे. त्याच्यानंतरचा पिरॅमिड सुरुवातीपासूनच कमी उताराचा ठेवला गेला. चुकत-शिकत पुढे गेलेले हे स्थापती होते.

फ्रेंच वास्तुविशारद ज्याँ-पिएर हूदाँ यांनी २००७ मध्ये अधिक गंभीर पर्याय मांडला. वरच्या भागासाठीचा भराव बाहेर नव्हे, तर पिरॅमिडच्या आतच, बोगद्याच्या रूपाने फिरत वर गेला, असे त्यांचे म्हणणे आहे. ढिगारा कुठे गेला, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळते. या बोगद्याची पुष्टी मात्र झालेली नाही.

दगड न फोडता आत डोकावण्याचे साधन आता उपलब्ध आहे. अवकाशातून येणाऱ्या किरणांपासून निर्माण होणारे म्यूऑन हे कण दगडांतून कमी आणि पोकळीतून अधिक प्रमाणात पार होतात. या मोजणीवरून ‘स्कॅनपिरॅमिड्स’ प्रकल्पातील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये पिरॅमिडमधील मोठ्या दालनमार्गाच्या वर किमान ३० मीटर लांबीची पोकळी असल्याचे जाहीर केले. उत्तर बाजूच्या मूळ प्रवेशद्वारामागे ९ मीटर लांबीची मार्गिका आढळली आणि २०२३ मध्ये दगडांच्या फटीतून सूक्ष्म कॅमेरा सोडून तिचे चित्रण करण्यात आले. ती रिकामी होती. छत तिरप्या दगडांचे होते आणि वरचे वजन विभागण्यासाठी ती ठेवली असावी, असा एक अंदाज आहे. मोठ्या पोकळीकडे जाणारा कोणताही मार्ग अद्याप ज्ञात नाही. ती वजन हलके करण्यासाठी ठेवली, ग्रॅनाइटच्या तुळया वर खेचताना वापरली, की तिचे आणखी काही प्रयोजन होते, यावर अभ्यासकांची मते विभागलेली आहेत.