अंथरूण पाहून पाय पसरावे... पण पांघरुणाचं काय?

मराठी विभागासाठी लेख दे, असं संपादक मंडळातल्या ताईने सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच! दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये गेलेली मुलगी मी, आजही 'एकोणसत्तर' म्हणजे नक्की किती हे मनात मोजावं लागतं. पण विषय असा आहे की तो हॉस्टेलवरच्या प्रत्येकाच्या कामाचा आहे, म्हणून धीर केला. शुद्धलेखनाच्या चुका आमच्या मराठीच्या बाईंनी पोटात घालाव्यात.

विषय आहे पांघरुणाचा. त्यातही उन्हाळी किंवा बिनथंडीच्या दिवसांत गडावर मुक्कामाला जाताना न्यायच्या हलक्या पिसांच्या दुलईचा. इंग्रजीत तिला डाऊन क्विल्ट म्हणतात. "उन्हाळ्यात कसली दुलई?" असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणाले होते...

त्या रात्रीची गोष्ट

मागच्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही सातजणी हरिश्चंद्रगडावर गेलो. रेक्टर मॅडमची परवानगी, घरच्यांची पत्रं, सगळं रीतसर. अवसरीहून मंचर, तिथून एस.टी.ने नारायणगाव, आळेफाटा, ओतूर करत खुबी फाटा. मग पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर आणि तोलार खिंडीतून वर. दुपारी ऊन इतकं की पाण्याच्या बाटल्या खिंडीतच संपत आल्या. त्यामुळे रात्री थंडी वाजेल हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

माझ्याकडे एक चादर आणि आईची शाल होती. माझ्या रूममेटने मात्र चुलतभावाची हिमालयात नेलेली जाडजूड स्लीपिंग बॅग आणली होती, उणे ५ अंशांची. सगळ्या तिचा हेवा करत होतो. रात्री अकराला ती त्या बॅगेत घामाने निथळली. चेन उघडून अंग बाहेर काढून झोपली. पहाटे चारला वारा सुटला तेव्हा तिचे कपडे ओले, बॅगेचं अस्तर ओलं आणि ती थरथरतेय. बोटं इतकी बधिर की तिला स्वतःची चेनही ओढता येईना. काही विचारलं तर उत्तर अडखळत येत होतं. आमच्याबरोबरच्या सीनियर ताईने तिचे ओले कपडे बदलायला लावले, कोरडा स्वेटर घातला, दोघींच्या मध्ये बसवून कोमट साखरपाणी घोट घोट पाजलं. अर्ध्या तासाने ती नीट बोलायला लागली. तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही.

सगळ्यात जाड पांघरूण असलेली मुलगीच सगळ्यात जास्त गारठली, हे कसं? खाली उतरल्यावर मी याचाच अभ्यास केला. (सबमिशन बाजूला ठेवून, हे एच.ओ.डी. सरांनी वाचू नये!)

पांघरूण ऊब देत नाही

मित्रमैत्रिणींनो, पहिली गोष्ट म्हणजे कुठलंही पांघरूण ऊब 'देत' नाही. ऊब आपलं शरीर तयार करतं, पांघरूण फक्त ती जाऊ देत नाही. आणि ती अडवते कोण? पिसं नव्हे, हवा! स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवरच्या पिसांखाली जी मऊ लव असते, तिचे बारीक तंतू हवेला जागच्या जागी धरून ठेवतात. म्हणून ती फुललेली असेल तोपर्यंतच कामाची. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी अशा लवेचा कोट स्वतः बेतून नेला होता. सोबतचे आधी हसले, पण वर थंडीत तोच कोट कामी आला.

ही लव ओली झाली की तिचे तंतू एकमेकांना चिकटतात, दुलई बसते आणि हवेच्या जागी पाणी येतं. पाणी स्थिर हवेच्या सुमारे २४ पट उष्णता वाहून नेतं. माझ्या रूममेटचं नेमकं हेच झालं. गरजेपेक्षा जास्त ऊब, त्यातून घाम, घामातून ओल आणि ओलीतून थंडी. थोडक्यात, पांघरूण जास्त असणं हाही दोषच आहे.

मग किती जाड हवं?

हे आपल्याला हीट ट्रान्सफरच्या पहिल्याच धड्यातल्या सूत्राने काढता येतं. झोपलेला माणूस साधारण ७५ वॅट उष्णता तयार करतो. त्यातली पाव श्वासातून आणि न दिसणाऱ्या घामातून जाते. उरली ५५ वॅट. त्वचेचं क्षेत्रफळ १.७ चौरस मीटर धरा, त्वचेचं तापमान ३३ अंश आणि लवेच्या थराची उष्णतावाहकता ०.०४. बाहेर १५ अंश असतील तर फरक १८ अंशांचा. जाडी म्हणजे ०.०४ गुणिले १.७ गुणिले १८, भागिले ५५. उत्तर येतं सुमारे २.२ सेंटिमीटर. बस, एवढंच!

हेच ५ अंशांना ३.५ सेंटिमीटर येतं आणि उणे ५ ला ४.७. म्हणजे १५ अंशांच्या रात्री माझी रूममेट गरजेच्या दुपटीहून जाड बॅगेत शिरली होती. (हा ढोबळ हिशोब आहे. अंगातले कपडे, वारा, पाठीखालची जमीन यात धरलेली नाही. पण अंदाजाला पुरतो.)

महागडी लव घ्यावी का?

दुकानात गेलात की विक्रेता 'फिल पॉवर' सांगतो. ६००, ८००, ९०० असे आकडे. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम लव फुलून किती घन इंच जागा व्यापते, तो हा आकडा. आकडा मोठा तशी किंमत मोठी. मीही आधी ९०० वालीवरच डोळा ठेवून होते. आजीने वाढदिवसाला दिलेले पैसे आणि दोन वर्षं साठवलेला पॉकेटमनी मिळून कशीबशी बसत होती.

मग पुन्हा कागद घेतला. २ मीटर लांब, १.३५ मीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड दुलई म्हणजे ६७.५ लिटर आकारमान. तेवढं भरायला ९०० ची लव १३० ग्रॅम लागते, ८०० ची १४६ आणि ६०० ची १९५ ग्रॅम. म्हणजे स्वस्त आणि महाग यातला फरक फक्त ६५ ग्रॅम! एवढं तर मॅगीचं एक छोटं पाकीट असतं. कडाक्याच्या थंडीसाठी लव भरपूर लागते, तिथे हा फरक वाढत जातो आणि पैसे मोजण्यात अर्थ आहे. आपल्या सह्याद्रीतल्या उन्हाळी रात्रीसाठी नाही.

उलट कापडाकडे कुणी बघतच नाही. दुलईला दोन बाजू, म्हणजे ५.४ चौरस मीटर कापड. चौरस मीटरला ३० ग्रॅमचं कापड असेल तर १६२ ग्रॅम, ५० ग्रॅमचं असेल तर २७० ग्रॅम. इथे १०८ ग्रॅम वाचतात. तेव्हा उन्हाळी दुलई घेताना लवेआधी कापडाचं वजन विचारा.

आणखी काय बघायचं?

दुलईला खालची बाजू नसते. ही काटकसर नाही, शहाणपण आहे. स्लीपिंग बॅगेत आपल्या पाठीखालची लव दबून जाते, तिच्यात हवाच उरत नाही, म्हणजे ते नुसतं ओझं. पण याचा अर्थ खाली चांगली कॅरीमॅट हवीच. दगडी फरशी पाठीतून उष्णता ओढून घेते. त्या रात्री चादर आणि शाल घेऊन मी कुडकुडले ती वरून नाही, खालून.

रुंदी पुरेशी हवी. कुशीवर वळलं की बाजूने फट पडते आणि वारा आत शिरतो. कॅरीमॅटला बांधायचे पट्टे असतील तर उत्तम. पायाकडची बाजू पिशवीसारखी बंद करता येईल आणि पूर्ण उघडताही येईल अशी घ्या, म्हणजे उकडलं की पाय मोकळे.

शिलाई दोन प्रकारची असते. आरपार टाका मारलेली दुलई हलकी आणि स्वस्त, पण टाक्याच्या रेषेवर लव नसल्याने तिथून ऊब जाते. दुसऱ्या प्रकारात आत उभ्या पट्ट्या लावून कप्पे केलेले असतात. ती थंडीसाठी. आपल्याला आरपार शिलाई चालते.

दुलईला टोपी नसते. उपाय आपल्या घरातच आहे, कानटोपी! लाजू नका.

तापमानाच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. स्लीपिंग बॅगांसाठी युरोपात २००२ मध्ये ईएन १३५३७ हे मानक आलं, २०१६ पासून आयएसओ २३५३७ आहे. त्यात 'कम्फर्ट' हा आकडा सरासरी स्त्रीसाठी आणि 'लिमिट' सरासरी पुरुषासाठी काढतात. पाकिटावर मोठ्या अक्षरात बहुधा लिमिट छापतात. मुलींनो, आपण कम्फर्ट बघायचा. आणि दुलयांची बहुतेक अशी चाचणी होतच नाही, तो आकडा बनवणाऱ्याचाच असतो. म्हणून ५ अंश हातचे राखून घ्या.

पावसाळ्यात लव नको. माळशेजच्या धुक्यात ती एका रात्रीत मान टाकेल. तेव्हा सिंथेटिक भरावाची बरी, जड असली तरी ओलीत थोडी तरी ऊब धरते. आपल्या धनगरांची घोंगडी तर त्याहून जुनी युक्ती. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही.

आणि झोपायची जागा. आकाश स्वच्छ असेल तर उघड्यावर शरीराची उष्णता थेट आभाळात जाते. गुहेत किंवा तंबूत झोपलं तर तेवढीच दुलई जास्त पुरते. वन विभागाचे नियम आधी विचारा, आणि आपल्या जुन्नर-आंबेगावात उसाच्या कडेला उघड्यावर मुळीच झोपू नका. तिथे बिबट्याचा मुक्काम आहे, तो परवानगी विचारत नाही!

पिसं कुणाची?

आमच्या मजल्यावरची एक मैत्रीण माळकरी घरातली. तिने विचारलं, "पण ही पिसं काढतात कशी?" मला उत्तर माहीत नव्हतं. नंतर वाचलं. लव बहुतेक मांसासाठी पाळलेल्या बदक-हंसांची असते, पण काही ठिकाणी जिवंत पक्ष्याची उपटतात. ते होऊ नये म्हणून २०१४ मध्ये 'रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड' सुरू झालं. लव घ्यायची तर ते चिन्ह बघून घ्या. मैत्रिणीने सिंथेटिकच घ्यायचं ठरवलं. तिचं मला पटलं, तरी मी लवेची घेतली. हे प्रामाणिकपणे सांगते.

शेवटी काय घेतलं?

६०० ची, २०० ग्रॅम भरावाची, आरपार शिलाईची. सगळी मिळून अर्ध्या किलोच्या आत. उरलेल्या पैशातून दोन चांगल्या कॅरीमॅट घेतल्या, एक माझ्या रूममेटला. यंदा मार्चमध्ये आम्ही दोघी पुन्हा त्याच गडावर जाऊन आलो. दोघी शांत झोपलो, एवढंच सांगण्यासारखं.

आणि एक. फर्स्ट इयरला येताना आजीने जुन्या लुगड्यांची सहा पदरी गोधडी शिवून दिली होती. हॉस्टेलवर सगळ्यांकडे फुलाफुलांचे कम्फर्टर, म्हणून मी ती दोन वर्षं ट्रंकेच्या तळाशी ठेवली. हिशोब केल्यावर कळलं की गोधडीतही तीच हवा आहे, पदरापदरात अडवलेली. शिवाय ती पाठीखाली लवेसारखी दबून जात नाही. दोन किलोची गोधडी गडावर नाही नेता येणार, पण आता माझ्या कॉटवर ती खाली अंथरलेली असते. आजी म्हणायची, दर आठवड्याला उन्हात घाल. दुलईलाही तेच लागतं. ट्रेकहून आलं की उन्हात वाळवायची आणि पिशवीत कोंबून न ठेवता मोकळी टांगायची.

म्हणून माझी दुलई खोलीत खुंटीला टांगलेली असते. गडावर जाणाऱ्या कुणालाही हवी असेल तर घेऊन जा. वहीत नाव लिहायचं आणि आणताना कोरडी आणायची, एवढीच अट!