वॉटच्या आकड्यापलीकडचा पॉवर सप्लाय

डेस्कटॉप संगणकाला भिंतीवरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टची एसी वीज मिळते, पण आतले भाग चालतात १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या डीसीवर. हा बदल करतो तो पॉवर सप्लाय, दुकानदारांच्या भाषेत एसएमपीएस. मदरबोर्ड, प्रोसेसर, हार्ड डिस्क यांना वीज याच एका डब्यातून जाते. हलक्या प्रतीचा सप्लाय बिघडला, तर जाताना तो यांपैकी एखादा भागही जाळू शकतो.

बीड जिल्ह्यात परळी वैजनाथला औष्णिक वीज केंद्र आहे, पण तिथली वीज राज्याच्या ग्रीडमध्ये जाते. गेवराई किंवा माजलगाव तालुक्यातल्या एखाद्या सेवा केंद्रात दाब किती मिळेल, हे जवळची डीपी (वितरण रोहित्र), तिच्यावरचा भार आणि तारांची लांबी ठरवते. एकाच वेळी शेतीपंपांच्या मोटारी सुरू झाल्या की दाब उतरतो, बंद झाल्या की चढतो. म्हणून आधी पाहावा तो इनपुटचा पल्ला. काही सप्लायवर २००-२४० व्होल्ट एवढेच छापलेले असते. १००-२४० व्होल्टचा सप्लाय उतरलेल्या दाबातही तग धरतो.

त्यानंतर बाजूचे लेबल वाचावे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टवरच चालतात. लेबलवर ठळक ‘४५० वॉट’ असले, पण १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर लिहिलेले असतील, तर तिथे मिळतात फक्त २१६ वॉट. तिथेच ३६ अँपिअर असतील तर ४३२ वॉट मिळतात. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या कार्यालयीन संगणकाला चांगल्या प्रतीचा ४०० ते ४५० वॉटचा सप्लाय पुरून उरतो. कार्ड असेल तर त्याच्या उत्पादकाने सुचवलेला आकडा धरावा.

‘८० प्लस’ या चिन्हावरून कार्यक्षमता कळते, सुरक्षितता नव्हे. जादा दाब, जादा प्रवाह आणि शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण आहे का, हे माहितीपत्रकात स्वतंत्र पाहावे लागते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि तापमान १० अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते. त्यामुळे १०५ अंशांचे कपॅसिटर आणि पाच वर्षांची वॉरंटी असलेला सप्लाय घेणे हिताचे.

लाईट गेल्यावर पूर्ण भाराखालचा सप्लाय जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरला बदलायला त्याहून जास्त वेळ लागला की संगणक रीस्टार्ट होतो. म्हणून इन्व्हर्टरवरचे बटण यूपीएस मोडवर असावे आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हवर काही सप्लाय नीट चालत नाहीत.

काही धोके मात्र सप्लायच्या आवाक्याबाहेरचे असतात. डीपीवरची न्यूट्रल तार तुटली तर घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. त्यासाठी जादा दाबाला वीज तोडणारे उपकरण बसवावे. अर्थिंग नीट नसेल तर कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे. विजा कडाडू लागल्या की प्लग सॉकेटमधून काढून ठेवावा.