नारूला कोणी हरविले?

नारूवर लस नव्हती, औषधही नव्हते. तरीही हा रोग भारतातून नाहीसा झाला. कसा बरे?

नारूचा रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला, की त्याच्या पायावरील फोडातून जंताच्या अळ्या पाण्यात पडत. सायक्लॉप्स नावाचा चिमुकला जलचर त्या गिळी. हे पाणी पिणाऱ्याच्या पायातून सुमारे वर्षाने जवळजवळ मीटरभर लांबीचा जंत बाहेर येई. आग शमविण्यासाठी तो रोगीही पाण्यात पाय बुडवी. असे हे चक्र!

ते तोडणे एकट्या डॉक्टरांच्या हातचे नव्हते. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पाणीपुरवठ्याची कामे करणाऱ्यांनी हातपंप बसविले, विहिरींच्या पायऱ्या बंद केल्या. आरोग्यसेवकांनी घरोघरी रोगी शोधले, पाण्यात टेमेफॉस टाकले. पंप बिघडला, की लोक पुन्हा विहिरीकडे वळत. म्हणून घरोघरी दाट कापडाने पाणी गाळणेही तितकेच मोलाचे ठरले.

शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

विद्यार्थी मित्रांनो, आता सांगा पाहू: नारूला हरविणारा डॉक्टर कोण?