कुणासाठी हवीय कॅसेट?

परवा माळा आवरताना चपलांच्या जुन्या खोक्यात कॅसेट सापडल्या. तीस-पस्तीस तरी असतील. एकेक पुसून बाजूला ठेवत गेले आणि लक्षात आलं, या ढिगात ‘माझी’ म्हणावी अशी एकच आहे. बाकीच्या सगळ्या घरातल्या कुणाच्या ना कुणाच्या आवडीच्या. त्या ऐकत ऐकतच माझे कान तयार झाले, हेही तितकंच खरं.

पहिली अर्थातच बाबांची, ‘गीतरामायण’. आमच्याकडे टेपरेकॉर्डर आला १९८२ मध्ये आणि त्याला हात लावायचा मान फक्त बाबांचा. रविवारी सकाळी सुधीर फडक्यांचा आवाज सुरू झाला, की घरात भांड्याला भांडं लागायची सोय नव्हती. सूर-ताल मला कुठले कळायला! मी गोष्ट ऐकायची. गदिमांनी ती छप्पन्न गाण्यांत सांगितलीय आणि पुढे काय होणार ते ठाऊक असूनही जीव अडकायचा. एकदा पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, “रेडिओवर लागायचं तेव्हा यातली बायकांची गाणी बायकाच म्हणायच्या. माणिक वर्मा, ललिता फडके...” १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवर ही गाणी लागली, तेव्हा आई दहा वर्षांची होती. बाबांच्या कॅसेटमध्ये मात्र सीता असो की कौसल्या, सगळ्यांसाठी बाबूजीच गायचे. आईला त्यातलं कुठलं जास्त आवडतं, हे आम्ही कुणी कधी विचारलंच नाही.

मग दादा कॉलेजातून सुट्टीला आला तो जगजित आणि चित्रा सिंह यांची ‘द अनफर्गेटेबल्स’ घेऊन. १९७६ ची ही रेकॉर्ड. गझलेच्या साथीला गिटार वगैरे ऐकून बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. मला निम्मं उर्दू कळायचं नाही. दादा अर्थ सांगायचा, मी वहीत लिहून घ्यायची. गोष्टीवरून माझं मन शब्दांवर आलं ते इथं.

१९९० मध्ये या जोडप्याचा तरुण मुलगा अपघातात गेला. जगजितजी पुढे २०११ मध्ये जाईपर्यंत गात राहिले, चित्राजींनी मात्र गाणं थांबवलं. तेव्हा मी ही बातमी नुसती ऐकली होती. पण लग्न झालं, माझी मुलगी झाली आणि एके दिवशी तीच जुनी कॅसेट लावली, तर शब्दांकडे लक्षच जाईना. नुसता त्या बाईचा आवाज ऐकत बसले.

सासरी टेप बाहेरच्या खोलीत. सकाळी सासऱ्यांची, भीमसेनजींची ‘अभंगवाणी’. १९९८ मध्ये दिरानं मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’ आणला, मग पावसाळाभर तोच. मला सगळंच आवडायचं, हं! कुणी मला बंदी केली नव्हती. फक्त “तुला काय लावू?” असं कुणी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही.

२००४ मध्ये बँकेच्या कामाला जिल्ह्याच्या गावी गेले होते. एसटीला वेळ होता. स्टँडसमोरच्या दुकानात सीडी आल्यामुळे कॅसेट स्वस्तात काढल्या होत्या. दुकानदार म्हणाला, “कुणासाठी हवीय कॅसेट, वहिनी? साहेबांची आवड काय?”

“माझ्यासाठीच हवीय,” म्हणाले आणि अडले. मला काय आवडतं? दहा मिनिटं नुसती ढीग चाळत उभी होते. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधे कधीतरी संतूर वाजायचं आणि मी हातातलं काम थांबवायची, ते आठवलं. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ उचलली. चाळीस रुपये. घरी आणली ती भाजीच्या पिशवीत तळाशी ठेवून, जशी काही चोरीच केलीय!

१९६७ ची ही रेकॉर्ड. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस यात आहे. पहाटे अहिर भैरव, शेवटी रात्री पहाडी. गाणं नाही, शब्द नाही. दुपारी तीनला घर रिकामं असलं, की मी ती लावायची. त्यातल्या भूपानं मला धरलं. सा रे ग प ध, अवघे पाच सूर! त्याच्या ओढीनं पुढे किशोरी आमोणकरांच्या भूपाची सीडी घेतली. पूर्वी आलापी सुरू झाली, की ‘गाणं कधी सुरू होणार’ असं वाटायचं. आता आलाप संपू नये असं वाटतं.

मैत्रिणींनो, तुमच्या खोक्यात अशी तुमची स्वतःची कोणती आहे? नसेल तर आता फोनवर सगळं मिळतं, चाळीस रुपयेही लागत नाहीत. आवड तेवढी आपली आपण शोधावी लागते.

आई सध्या माझ्याकडे आलीय. ऐंशी पार केलीय. काल विचारलं, “आई, तुला काय ऐकायचंय?”

“तुम्ही लावाल ते.”

“आम्ही नाही. तू सांग.”

बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, “माणिक वर्मांचं असलं काही तर बघ.”

फोन तिच्या उशाशी ठेवला. मी स्वयंपाकघरात वळतेय तोच मागून हाक आली, “आवाज वाढव गं जरा!”