बाळंतिणीचे लाडू आणि वजनाचा काटा

तीन महिन्यांचे बाळ मांडीवर घेऊन एखादी लेकुरवाळी दिवाळीच्या फराळाला बसली की तिच्या ताटात काय असावे हे ठरवणारे तिच्याखेरीज सगळे असतात. आई म्हणते, "आणखी एक करंजी घे गं, अंगावर पाजतेस ना!" मावशी म्हणते, "चकली नको हं, बाळाच्या पोटात वायू धरेल." आणि शेजारच्या काकू, वर्षाकाठी दोनदाच येणाऱ्या, डोळे भरून न्याहाळत म्हणतात, "अगोबाई, चांगलीच भरलीस की! आताच उतरवलेस तर उतरेल, नाहीतर कायमचेच अंगावर बसेल बरं."

त्या बिचारीने करायचे काय? खावे तर काकू, न खावे तर आई! त्यातल्या त्यात मावशींची भीती तरी तिने मनातून काढून टाकावी. आईच्या पोटातला वायू दुधात उतरत नाही. उरलेल्या दोन सल्ल्यांचा मात्र शांतपणे विचार करायला हवा. कारण एकीकडे तान्ह्या जिवाचे अन्न आहे आणि दुसरीकडे त्या आईची स्वतःची प्रकृती.

निसर्गाची ठेव

गरोदरपणात बाईचे वजन सर्वसाधारणपणे दहा-बारा किलो वाढते. ही सारी चरबीच असते असे आपण समजतो. पण ते खरे नाही. त्यात तीनेक किलोंचे बाळ असते, अर्धा-पाऊण किलोची वार असते, किलोभर गर्भजल असते. प्रसूतीबरोबरच पाचेक किलो उतरतात ते यामुळे. अंगात साठलेले जादा पाणी पुढल्या काही आठवड्यांत निघून जाते. प्रसूतीनंतर किलोभर भरणारी गर्भाशयाची पिशवी दीड महिन्यात आकसत आकसत साठ-सत्तर ग्रॅमांवर येते.

एवढे वजा करून जे तीन-चार किलो मागे राहतात, ती मात्र खरी चरबी. काकूंचे लक्ष नेमके तिच्यावर असते! पण ही चरबी आळसाची कमाई नव्हे. पुढे बाळाला पाजायचे आहे हे जाणून निसर्गाने आईच्या नावे बाजूला टाकलेली ती ठेव आहे.

ही ठेव मोडते कशी तेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या सहा महिन्यांत केवळ अंगावर पिणारे बाळ दिवसाकाठी पाऊण लिटरच्या आसपास दूध पिते. शंभर मिलिलिटर दुधात ६५ ते ७० कॅलरी असतात. म्हणजे रोज सुमारे पाचशे कॅलरी बाळाच्या पोटात जातात आणि ते दूध तयार करायला आईच्या शरीराला जो खर्च येतो तो निराळाच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने रोज ६०० आणि पुढचे सहा महिने ५२० कॅलरी नेहमीच्या आहाराहून जास्त घ्याव्यात. जिच्या अंगावर ठेव शिल्लक आहे तिने ही भर थोडी कमी घातली, तरी उरलेला खर्च त्या ठेवीतून भागतो. पाजण्याने वजन उतरते ते असे. सावकाश, पण काही न गमावता.

मात्र सगळ्यांचे सारखेच उतरते असे नाही. पाजणाऱ्या बाईची भूक वाढते आणि काही जणींचे वजन बाळ वरचे खाऊ लागेपर्यंत हलत नाही. म्हणून जावेचे चार महिन्यांत उतरले आणि आपले नाही, याचा खेद करू नये.

डबा राहिला, जाते गेले

आता आईच्या बाजूकडे वळू. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू, खारीक-खोबरे, तुपाने माखलेला गरम भात. आपल्या आजी-पणजींनी हे उगीच ठरवले नव्हते. ज्या घरात पुरुषांची पंगत उठल्यावर उरलेले बायकांनी खायचे, तेथे सव्वा महिना बाळंतिणीला आधी आणि गरम वाढले जाई. लाडवांचा डबा हा तिच्या एकटीच्या हक्काचा डबा होता. त्यात दुसऱ्या कोणी हात घालायचा नसे. आणि सव्वा महिना सरला की पुढे होते पहाटेचे जाते, मुसळ, विहिरीचा रहाट आणि ढीगभर धुणे. लाडवाचा कण न् कण तेथे जिरत असे.

आज जाते गेले, रहाट गेला. डबा मात्र राहिला. इतकेच नव्हे, तर माहेरचा एक, सासरचा एक आणि हौशी आत्याबाईंचा एक, असे तीन डबे येतात! सढळ तुपाचा, सुक्यामेव्याचा पन्नास ग्रॅमांचा एक लाडू अडीचशे कॅलरींच्या घरात जातो. सकाळी दोन आणि दुपारी एक खाल्ला की दिवसाची सारी जादा गरज लाडवांतच भागली, आणि पोळी-भात, दूध, खीर वरून. असे वर्षभर चालले तर ठेव मोडायची राहून उलट वाढत जाते.

"अगं, पण लाडू खाल्ल्याशिवाय दूध कसे येणार?" असा आईचा प्रश्न असतोच. दूध येते ते मुख्यतः बाळाच्या ओढण्याने. बाळ जितक्या वेळा आणि जितके नीट पिते तितके दूध तयार होते. अळीव लोहासाठी उत्तम, मेथीही चांगली. पण तूप-साखरेचे ढीग खाल्ल्याने दुधाला पूर येतो, असे नाही. रोज एक लाडू हौसेने खावा. बाकीची गरज दोन ज्वारीच्या भाकऱ्या, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध एवढ्या साध्या अन्नाने भागते. शिवाय त्यातून प्रथिने आणि चुना मिळतो तो वेगळाच.

बाळाचे भागते, आईचे काय?

लाडवाचा अतिरेक वाईट, पण त्याहून वाईट दुसरे टोक आहे. एका नातेवाइकांच्या घरी पाहिलेली गोष्ट. बाळ जेमतेम अडीच महिन्यांचे. नणंदेचे लग्न तोंडावर आलेले आणि शालूवरचा ब्लाऊज काही केल्या होईना. सूनबाईंनी रात्रीचे जेवण सोडले, दिवसा काकडी आणि ताक. बाळ छान बाळसे धरत होते, त्यामुळे कोणाला काही वावगे वाटले नाही. लग्नाच्या आठ दिवस आधी पहाटे बाळाला पाजायला उठताना ती चक्कर येऊन पडली. नशीब, बाळ पाळण्यात होते.

सारी फसगत येथेच आहे. आई अर्धपोटी राहिली म्हणून दूध लगेच आटत नाही. शरीर बाळाचा वाटा आधी काढून ठेवते आणि तूट आईच्या खात्यावर टाकते. दुधातला चुना कमी पडू नये म्हणून तिच्या हाडांतून चुना निघतो. बाळ सुटल्यावर हाडे पुन्हा भरून येतात हे खरे, पण आई नीट जेवत असेल तर. ब जीवनसत्त्वांपैकी ब-१२ ची गोष्ट तर आणखी निराळी. आईच्या अंगातच ते नसेल तर दुधातही उतरत नाही आणि त्याची झळ बाळाला लागते. शाकाहारी घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. दूध-दही तर घ्यावेच आणि डॉक्टरांना विचारून गोळीही घ्यावी.

मग वजन उतरवूच नये की काय? अवश्य उतरवावे, पण रीतीने. अमेरिकेत वजन जास्त असलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या चाळीस स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. बाळ महिन्याचे झाल्यावर निम्म्या जणींचा आहार बेताने कमी केला आणि त्यांना आठवड्यातून चार दिवस व्यायाम दिला. दहा आठवड्यांत त्यांचे वजन आठवड्याला सुमारे अर्धा किलो या गतीने उतरले आणि बाळांच्या वाढीत काडीइतका फरक पडला नाही. व्यायामाने दूध कमी होत नाही, हे १९९४ सालच्या एका अभ्यासात आधीच दिसले होते.

तेव्हा साधा नियम असा. पहिले दीड-दोन महिने काट्याकडे पाहूच नये. त्यानंतर डॉक्टरांना दाखवून, सिझेरियन झाले असेल तर त्यांनी परवानगी दिल्यावरच, चालायला सुरुवात करावी. आधी बाळाला पाजावे, म्हणजे आपल्यालाही हलके वाटते. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरवण्याचा हव्यास नको. दिवसाचा आहार १८०० कॅलरींच्या खाली जाऊ देऊ नये. बारीक होण्याच्या गोळ्या, चूर्णे, इंजेक्शने या काळात मनानेच घेणे वर्ज्य. निर्जळी उपास तर मुळीच नकोत. देव काही रागावत नाही. पोट बांधल्याने कमरेला आधार वाटतो, पण पट्ट्याने चरबी वितळत नाही. आणि वजन भराभर उतरू किंवा चढू लागले, छाती धडधडू लागली, फार थकवा वाटू लागला किंवा दिवसेंदिवस रडूच येत राहिले, तर "बाळंतपणात असे व्हायचेच" म्हणून न सोडता डॉक्टरांकडे जावे. प्रसूतीनंतर कंठग्रंथी बिघडण्याचे प्रकार होतात आणि ते साध्या रक्त-तपासणीत कळतात.

एक शब्द घरातल्या मंडळींसाठी. रात्री तीन-चार वेळा उठणाऱ्या बाईला दिवसा गोड खावेसे वाटते, त्यात जिभेचा दोष थोडा आणि झोपेचा जास्त असतो. तिच्या हातातला लाडू मोजण्यापेक्षा पहाटे पाजून झाल्यावर बाळाला दोन तास कोणी सांभाळले, तर वजनाचा प्रश्न निम्मा सुटेल. हे काम बाळाच्या वडिलांना उत्तम जमते. त्याला काही अंगावर दूध असावे लागत नाही. नोकरी करणाऱ्या आईला २०१७ सालच्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची रजा मिळू लागली. ती संपवून कामावर परतते त्या दिवशी तिच्या टेबलाभोवती जमणाऱ्यांनीही "किती सुटलीस गं!" हे वाक्य गिळावे आणि बाळ कसे आहे ते विचारावे. त्यापाठोपाठ, तू जेवलीस का, हेही विचारावे.

नऊ महिने लागून जे अंगावर आले, त्याला उतरायला निदान नऊ महिने द्यायला काय हरकत आहे?