शस्त्रक्रियापूर्व निराहार
शस्त्रक्रियापूर्व निराहार म्हणजे भूल देण्याआधी ठरावीक काळ अन्न व पेय वर्ज्य करणे. संपूर्ण भुलीत गिळण्याच्या व खोकण्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात. अशा वेळी जठरातील अन्न वा आम्ल घशाशी येऊन श्वासनलिकेत उतरल्यास फुप्फुसांना गंभीर, प्रसंगी प्राणघातक इजा होते. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये प्रसूतीसमयी भूल दिलेल्या स्त्रियांमधील या विकाराचे वर्णन केले. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

नियोजित शस्त्रक्रियेच्या निरोगी रुग्णास हलका आहार साधारणतः ६ तास, तर पाण्यासारखे पारदर्शक पेय २ तास आधीपर्यंत घेता येते. तान्ह्या बाळास आईचे दूध ४ तास आधीपर्यंत चालते. तळलेल्या पदार्थांनंतर ८ तास किंवा त्याहून अधिक अंतर लागते. दुधाचा चहा पारदर्शक पेयात मोडत नाही.

‘उपवास करा’ ही सूचना मराठी घरांत फसवी ठरू शकते. एकादशीच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते, भुलीआधी ती चालत नाही. त्यामुळे काय व किती वाजल्यापासून वर्ज्य, हे स्पष्ट सांगणे श्रेयस्कर.

नेहमीची औषधे घोटभर पाण्याबरोबर घ्यावीत की थांबवावीत, हे भूलतज्ज्ञ ठरवतात. चुकून काही खाल्ले गेल्यास ते त्यांना सांगणे आवश्यक असते. नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते.