शांत निजलेला रुग्ण

रात्रपाळीच्या परिचारिकेपुढे कामे रांगेने येत नाहीत, ती एकदम येतात. आणि त्यांतले कोणते आधी हाती घ्यावे हे सांगायला त्या घटकेला जवळ कोणी नसते. पुरुषांचा एक सर्वसाधारण कक्ष डोळ्यांपुढे आणावा. रात्रीचे दोन वाजले आहेत. नडगीचे हाड मोडून पायाला प्लास्टर घातलेला एक तरुण वेदनेने ओरडत आहे. मधुमेहाचे एक रुग्ण संध्याकाळी इन्सुलिन घेऊन जवळजवळ उपाशीच झोपले होते. ते घामाने भिजून जागे झाले आहेत आणि विनाकारण चिडत आहेत. अर्धांगवायूमुळे सकाळीच दाखल झालेल्या आजोबांचा मुलगा त्यांना दूध पाजण्याच्या तयारीत आहे. चौथ्या खाटेवर, दुपारी पोटाची शस्त्रक्रिया झालेले गृहस्थ मॉर्फिनच्या इंजेक्शननंतर स्वस्थ निजले आहेत. किंचित घोरत आहेत, इतकेच. त्यांची कसलीही तक्रार नाही.

जो अधिक ओरडतो त्याच्याकडे आधी धाव घ्यावी, ही मनुष्याची स्वाभाविक प्रवृत्ती होय. परंतु ज्याला ओरडता येते त्याचा श्वास निदान चालू असतो. अनुभवी परिचारिका म्हणूनच प्रथम चौथ्या खाटेकडे वळते. जाता जाता ती आजोबांच्या मुलाला एवढेच सांगते, “दूध तूर्त देऊ नका, मी येते.” या एका वाक्याला अर्धा क्षण पुरतो आणि एक मोठा अनर्थ टळतो.

चौथ्या खाटेपाशी ती घड्याळ हातात धरून पुरे एक मिनिट छातीचे वरखाली होणे मोजते. निरोगी प्रौढ मनुष्य विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारणतः १२ ते २० वेळा श्वास घेतो. येथे संख्या भरते ८, आणि हाक मारली, खांदा हलवला, तरी गृहस्थ धड डोळे उघडीत नाहीत. ही झोप नव्हे. मॉर्फिन वेदना शमवते तसेच मेंदूतील श्वसनाच्या केंद्रालाही मंदावते, आणि ते घोरणे म्हणजे सैल पडलेल्या जिभेने अडवलेली श्वासाची वाट असू शकते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली रुग्णाची प्रकृती ढासळत असल्याची आगाऊ सूचना देणारी जी गुणपद्धती तयार केली, तीत मिनिटाला ८ किंवा त्याहून कमी, अथवा २५ किंवा त्याहून अधिक श्वास यांना धोक्याचे सर्वांत जास्त गुण दिले आहेत. तरीही श्वसनाच्या रकान्यात न मोजताच ‘१८’ लिहून टाकण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आढळते. नाडी आणि रक्तदाब यंत्र दाखवते. श्वास मात्र माणसालाच मोजावा लागतो, आणि म्हणून तोच राहून जातो.

बोटाला लावलेल्या प्राणवायूमापकावर येथे विसंबता येत नाही. रुग्णाला नळीने प्राणवायू मिळत असेल, तर श्वास मंदावूनही मापकावरचा आकडा बराच वेळ चांगला राहतो. म्हणून परिचारिका मदतीसाठी हाक देते, हनुवटी वर उचलून श्वासमार्ग मोकळा करते, प्राणवायू चालू ठेवते, रुग्णाला बोलते करण्याचा प्रयत्न करीत राहते आणि डॉक्टरांना बोलावून घेते. “जरा येऊन पाहता का?” असा मोघम निरोप अशा वेळी कामाचा नाही. मॉर्फिन केव्हा दिले, किती दिले, श्वास किती, शुद्ध कशी, आणि आपण ताबडतोब यावे, असे स्पष्ट बोलावे लागते. डॉक्टरांनी दूरध्वनीवरून औषध सांगितले तर त्याचे नाव आणि प्रमाण पुन्हा उच्चारून खात्री करून घेणे हा उद्धटपणा नव्हे.

हाकेसरशी आलेली दुसरी परिचारिका एव्हाना मधुमेहाच्या रुग्णाकडे वळलेली असते. घाम, थरथर, चिडचिड ही रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे. बोटातून थेंबभर रक्त काढून ती तपासते. आकडा ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असून नीट गिळत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग काही खायला घालावे. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही घालू नये. ग्लुकोज शिरेतून द्यावे लागते. तपासणीचे यंत्र जवळ नसेल तर वाट पाहत बसू नये. घटकाभर साखर वाढल्याने होणारी हानी थोडी. उतरलेली साखर मेंदूला फार वेळ सोसत नाही.

आता त्या दुधाविषयी. अर्धांगवायूने गिळण्याचे स्नायूही दुबळे होतात, आणि घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो. पुष्कळदा ठसकाही लागत नाही; दोन-तीन दिवसांनी फुप्फुसाचा दाह उमटतो तेव्हाच चूक कळते. म्हणून रुग्णाला ताठ बसवून चमचाभर पाणी देऊन पाहणे, खोकला येतो का, आवाज ओलसर, घरघरीत होतो का हे न्याहाळणे, हे आधी. तोंडाने अन्न, पाणी वा गोळी मागाहून. आपल्याकडे रुग्णाच्या उशाशी नातलग असतात आणि ते मायेने काही ना काही भरवू पाहतात. त्यांच्यावर रागावण्यापेक्षा कारण सांगितलेले बरे. तेच नातलग “बाबा कालच्यासारखे बोलत नाहीत” असे सांगतात, तेव्हा ती फार मोलाची बातमी असते.

ओरडणाऱ्या तरुणाचा क्रम मागे पडला, पण त्याला नुसती वेदनाशामक गोळी देऊन भागत नाही. त्याच्या पायाची बोटे गार, फिकट वा बधिर झाली आहेत काय, ती हलवताना कळ असह्य होते काय, हे पाहावेच लागते. प्लास्टरच्या आत सूज दाटून रक्ताभिसरण कोंडले असेल तर काही तासांत स्नायू मरतात. तेव्हा त्याच्यासाठीही डॉक्टरांना तत्काळ बोलवावे.

एवढ्यात चौथ्या खाटेवर डॉक्टरांनी नॅलोक्सोन दिले आहे. गृहस्थांनी डोळे उघडले आहेत, पाणी मागत आहेत. परंतु नॅलोक्सोनचा प्रभाव पुष्कळदा तासाभरात ओसरू लागतो आणि मॉर्फिनचा त्याहून अधिक काळ टिकतो. परिचारिका खुर्ची त्यांच्याच खाटेजवळ ओढते आणि काही मिनिटांनी पुन्हा श्वास मोजू लागते.